दोन आनफिन

फेरीबोट साडेदहाला धक्क्याला लागते हे सुन्निवाला गेली चाळीस वर्षं ठाऊक होतं. तरी त्या सकाळी सातपासून ती चार वेळा खिडकीशी जाऊन आली. चारही वेळा फ्योर्डच्या अरुंद खाडीत पाण्याखेरीज काही नव्हतं. वारा पडलेला, त्यामुळे समोरचा डोंगर आपल्या बर्फासकट उलटा होऊन पाण्यात निजला होता. तिनं पुसलेले कप पुन्हा पुसले. टेबलावरची चादर उजवीकडे ओढली, मग डावीकडे ओढली. चेरीचं भांडं आधी मध्ये ठेवलं, मग कडेला.

"आत्याबाई, त्या कपावरचं फूल निघून येईल हं आता," मारित म्हणाली. मारित म्हणजे घरीच राहिलेल्या तिसऱ्या भावाच्या मुलाची बायको, येल्लेच्या शेताची आताची मालकीण, आणि तिची जीभ काही कुणाचं ऐकायची नाही. "अमेरिकेची राणी नाही येत. तुमच्याच भावाची नात येतेय."

"कुठल्या भावाची?" सुन्निवा म्हणाली.

"झालं! आता ते मला काय माहीत? तुमचेच भाऊ, तुमचेच घोळ."

मारित हसत लेफ्सेच्या पातळ पोळ्या भाजायला गेली. सुन्निवा हसली नाही. ती पाचव्यांदा खिडकीशी गेली.

वसंतात मिनेसोटाहून पत्र आलं होतं. इंग्रजीत होतं, म्हणून शाळामास्तरांकडून वाचून घ्यावं लागलं. बाईचं नाव आर्लीन. तिचा आजोबा आनफिन, येल्लेचा, तरुणपणी अमेरिकेला आलेला. घराण्याचा वंशवृक्ष करायचा म्हणून ती जुलैत येणार होती. फक्त एक अडचण होती. आजोबाच्या लग्नाच्या कागदावर जन्माचं साल अठराशे बहात्तर होतं आणि थडग्याच्या दगडावर चौऱ्याहत्तर. यातलं खरं कुठलं?

मास्तरांना ती गंमत वाटली. सुन्निवाला त्या दिवसापासून झोप नव्हती. दोन्ही सालं खरी होती. बहात्तरला एक आनफिन जन्मला आणि चौऱ्याहत्तरला दुसरा.

त्या मुलखाची रीतच तशी. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेऊन यायचा, दुसरा आईच्या बापाचं. येल्लेच्या घरी दोन्ही आजोबा आनफिनच निघाले. मग काय करणार? कुठल्याही आजोबाला वगळायची सोय नव्हती. पाद्रीबाबांनी दोन वर्षांच्या अंतरानं एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे केले, आणि घरात थोरला आनफिन नि धाकटा आनफिन असे दोघं झाले. हाक मारली की दोघंही ओ द्यायचे. काम असलं की दोघांपैकी कुणीच नाही.

थोरला रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, लिहिण्याचा आळशी. धाकटा छातीनं नाजूक आणि आईचा लाडका, घरात शिरला की घर उजळायचं. त्र्याण्णव साली एकाच पेटीत दोघांचे कपडे भरून दोघं अमेरिकेला निघाले. धाकट्यानं जाऊ नये म्हणून आईनं आठ दिवस चूल धड पेटवली नाही. थोरल्यानं धक्क्यावर सगळ्यांदेखत हेरबोर्गचा हात धरला आणि म्हणाला, "तिकीट पाठवतो." त्याच्या मानानं ते भाषणच होतं. हेरबोर्ग वरच्या वाडीवरची, अठरा वर्षांची. रडायच्या ऐवजी ती म्हणाली, "खिडकीजवळची जागा बघ. कोंदट कोपऱ्यात बसून मी यायची नाही."

तीन वर्षांनी, शहाण्णवच्या मार्चमध्ये ते पत्र आलं. मुलांचं नव्हे, कुठल्याशा अनोळखी पाद्र्याचं. आई भट्टीपुढे बसून पातळ भाकऱ्या लाटत होती, कोपरापर्यंत पिठात. आईला छापील अक्षर यायचं. बायबल वाचायची, भजनाचं पुस्तक वाचायची. पण हातानं लिहिलेलं तिच्यापुढे मुंग्यांच्या रांगेसारखं पळायचं. म्हणून पत्रं वाचायचं काम सोळा वर्षांच्या सुन्निवाचं.

चारच ओळी होत्या. लाकूडतोड्यांच्या तळावर तापाची साथ आली. येल्लेचा आनफिन देवाघरी गेला. ख्रिस्ती रीतीनं त्याला पुरलं. देव तुमचं सांत्वन करो.

"आनफिन गेला," सुन्निवा म्हणाली.

आईचं लाटणं थांबलं. "कुठला?"

सुन्निवानं कागदाकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. त्या परक्या पाद्र्याला काय कल्पना की एका घरात दोन असतात! आईचे ओठ पांढरे पडले होते, आणि त्या ओठांवर एकच नाव थरथरत होतं, ते ऐकायला लागू नये म्हणून सुन्निवा घाईनं बोलून गेली.

"थोरला."

आईनं पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. त्या रडण्यात खाली कुठंतरी, अगदी तळाशी, सुटल्याचा एक श्वास होता. तो सुन्निवानं ऐकला. त्या श्वासासाठीच ती खोटं बोलली होती. आणि खोटं तरी कशावरून? अर्धं पारडं तर खऱ्याचंच होतं. पुढलं पत्र येईल, उरलेला लिहील, सगळं कळेल. तोवर आई जगेल.

चर्चची घंटा थोरल्या आनफिनसाठी वाजली. पुढलं पत्र आलंच नाही.

हेरबोर्गनं वर्षभर काळं घातलं. दर रविवारी चर्चमध्ये येल्लेच्या बाकावर येऊन बसली. पुढल्या वसंतात क्नुतचं मागणं आलं. विधुर, दोन पोरं, स्वतःची होडी. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ती सुन्निवाकडे आली. दोघी गोठ्याच्या पायरीवर बसल्या. "तुझ्या भावाला वाईट वाटलं असतं का गं?" तिनं विचारलं.

तेव्हा बोलायचं होतं. सुन्निवाच्या दातांपर्यंत आलं होतं. पण आत आई चरख्यावर बसली होती आणि तिचं गाणं भिंतीतून ऐकू येत होतं:

एक गेला मातीखाली, एक गेला पाण्यापार,
पाण्यापारच्या पोरासाठी उघडं ठेवा माझं दार.

"नाही," सुन्निवा म्हणाली. "नसतं वाटलं."

आई अकरा वर्षं दार उघडं ठेवून मेली. तोवर हेरबोर्गला चार मुलं झाली होती. आता कुणाला काय सांगायचं? सुन्निवानं लग्न केलं नाही. लोक म्हणाले, भावाचं दुःख. सुन्निवानं म्हणू दिलं. आणि पासष्ट वर्षं तिच्या मनात एकच तराजू हलत राहिला. धाकटा जगला असेल तर तिनं खोटं सांगितलंच नव्हतं, फक्त आधी सांगितलं होतं. थोरला जगला असेल तर...

बोटीचा भोंगा वाजला. साडेदहा झाले होते.

* * *

आर्लीन चांगली उंचापुरी निघाली, चाळिशी ओलांडलेली, चष्म्याच्या टोकांना चमकीचे खडे, हातात हे भलंमोठं चामडी बाड. मारितनं आपलं शाळेतलं इंग्रजी तोंडात जुळवून ठेवलं होतं, पण पाहुणीनं उंबऱ्यातच हात पुढे केला आणि म्हणाली, "देव बरं करो या घराचं. मी आर्लीन."

मारित बघतच राहिली. गावात आता कुणी असं बोलत नव्हतं. शब्द, हेल, शेवटी जरा ओढून सोडायची लकब, सगळं आजोबा-पणजोबांच्या काळचं. जणू कुणी पेटीत घालून नेलं होतं आणि न वापरता तसंच परत आणलं होतं.

"ही तर आमच्याहून जुनी निघाली!" मारित म्हणाली. "आत्याबाई, ही तुमच्या वेळचं बोलते."

"मला बोलता तेवढं येतं हो," आर्लीन लाजली. "आजोबांच्या मांडीवर शिकले. वाचता काही येत नाही. शाळा सगळी इंग्रजीत."

सुन्निवानं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. त्या चेहऱ्यात ती भाऊ शोधत होती. कपाळ? कपाळ दोघांचं सारखंच होतं. हनुवटी? हनुवटी तर बापाची.

कॉफी ओतली गेली, लेफ्सेवर लोणी-साखर पसरली गेली. आर्लीननं पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. "आमच्याकडे बटाटा जास्त घालतात," ती म्हणाली, आणि मारितनं तिला मनापासून घरातली मानलं. मग बाड उघडलं. टेबलभर कागद पसरला, त्यावर चौकटीच चौकटी, रेघांनी बांधलेल्या. सगळं पेनानं, नीट. एकच चौकट शिसपेन्सिलीची होती.

"काल फ्योर्डपलीकडे पाद्रीबाबांकडे गेले होते," आर्लीन उत्साहानं सांगू लागली. "भला माणूस. जुन्या वह्या काढल्या. तेव्हा कळलं की आनफिन दोन! मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण वहीत सगळं सरळ लिहिलंय. थोरल्याच्या नावापुढे समासात, 'अमेरिकेत मृत्यू, अठराशे शहाण्णव.' म्हणजे माझे आजोबा धाकटे. दगडावरचं साल बरोबर. आहे की नाही?"

ती खुर्चीत मागे टेकली. समासातली ती ओळ कुणाच्या तोंडून तिथं गेली होती हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पाद्री म्हणतो, वही म्हणते, दगड म्हणतो. तीन साक्षीदार. ती हसली. चक्क मोठ्यांदा हसली आणि दुसरी लेफ्से उचलली.

"धाकटाच असेल," ती म्हणाली. "तो हसायचा फार. हसायचा ना गं?"

"आजोबा?" आर्लीननं जरा विचार केला. "नाही. हसायचे असं नाही. भले होते. कमी बोलायचे."

सुन्निवाचा घास तोंडात तसाच राहिला. "म्हातारपणी माणूस गप्पच होतो," ती म्हणाली.

"फोटो आहे बघा." फोटोत पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा घोड्याजवळ उभा होता, टोपीची सावली डोळ्यांवर. तो दोघांपैकी कुणीही असता.

"आणि भाऊ?" सुन्निवानं विचारलं. "मेलेल्या भावाबद्दल काही म्हणायचे?"

"एकदाच बोलले. हे दुसऱ्या तळावर कामाला होते. परत आले तोवर भावाला पुरलंसुद्धा होतं. पाद्री म्हणाला, मी घरी कळवलंय. मग हे पश्चिमेकडे गेले, जास्त मजुरी होती म्हणून. नाव घ्यायचे नाहीत, नुसतं 'भाऊ' म्हणायचे."

"घरी का नाही लिहिलं कधी?" मारितनं मध्येच विचारलं. "इथं यांची आई दार उघडं टाकून मेली म्हणे."

"तेच तर आम्हाला कुणाला कळलं नाही. माझ्या आईनं विचारलं की उठून गोठ्यात जायचे." आर्लीन बाड चाळू लागली. "एक वस्तू मात्र आणलीय. चव्वेचाळीस साली आजोबा गेले, तेव्हा त्यांच्या बायबलात सापडली. मला ही जुनी छपाई वाचता येत नाही. तुम्हाला येईल."

वर्तमानपत्राचा कपटा होता तो, आगपेटीएवढा, घडीवर फाटत आलेला. जुन्या वळणाची काटेरी अक्षरं. अमेरिकेतल्या नॉर्वेजियन लोकांसाठी निघणाऱ्या कुठल्यातरी पत्रातला, मायदेशच्या खेड्यापाड्यांच्या बातम्यांचा रकाना. सुन्निवानं चष्मा चढवला.

दोन ओळी. हेरबोर्ग, वरच्या वाडीची, आणि विधुर क्नुत यांचा विवाह मे महिन्यात इथल्या चर्चमध्ये झाला.

बाहेर मारितच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर थांबला. तारांवर वाळत घातलेल्या गवताचा वास खिडकीतून आत आला. सुन्निवानं त्या ओळी पुन्हा वाचल्या, कागद उलटा केला, सुलटा केला.

"काय लिहिलंय?" आर्लीननं विचारलं.

"गुरांच्या बाजाराची बातमी आहे," सुन्निवा म्हणाली.

"गुरांच्या बाजाराची?" आर्लीन हसली. "इतकी वर्षं जपून ठेवली? आजोबा म्हणजे ना! असेल, गुरांचं वेड होतंच." तिनं पेनाचं टोपण काढलं. "चला. आता ही चौकट पक्की करते. धाकटा आनफिन, जन्म चौऱ्याहत्तर."

पेन कागदाला टेकलं. सुन्निवाचे हात टेबलाखाली एकमेकांना पिळत होते. एवढं एक अक्षर होऊन जाऊ दे, तिचं मन म्हणत होतं, मग सुटलीस. वहीत आहे, दगडावर आहे, आता इथंही येईल. आणि वर, चढणीवरच्या घरात, शहाऐंशी वर्षांची हेरबोर्ग या वेळी चेरीच्या बिया काढत बसलेली असेल.

"थांब," सुन्निवा म्हणाली. "लिहू नको. मी खोटं बोलले."

"काय?"

"आत्ताही. आणि तेव्हाही."

तिनं सगळं सांगितलं. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. फक्त बोलताना ती टेबलावरचे कण बोटानं गोळा करत होती आणि पुन्हा पसरत होती. पत्राच्या चार ओळी, आईचे पिठाचे हात, घंटा, गोठ्याची पायरी, कपट्यावरचं हेरबोर्गचं लग्न. मारित भट्टीशी उभी होती. लेफ्से जळल्याचा वास आला तरी तिनं उलटली नाही.

"म्हणजे त्यांना वाटलं," आर्लीन हळू म्हणाली, "की ती थांबली नाही."

"हो."

"आणि तिला वाटलं, ते मेले."

"हो."

"अगं आई!" मारित म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि हे मारितच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

आर्लीननं पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे लग्नाच्या कागदावरचं साल खरं. दगडावरचं घरच्यांनी अंदाजानं कोरलेलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या हेरबोर्गबाई... कधी गेल्या?"

"गेली कुठली," सुन्निवा उठत म्हणाली. "चल."

* * *

चेरीच्या झाडांतून वाट उभी चढत होती. सुन्निवा पुढे, काठी टेकत, एक्याऐंशी वर्षांच्या बाईनं चालू नये इतकी भरभर. आर्लीन दोनदा म्हणाली, जरा बसू या. सुन्निवा थांबली नाही. थांबली असती तर खाली वळली असती.

हेरबोर्ग ओट्यावर बसली होती, मांडीत परात, बोटं लाल. डोळे अधू झाले होते, पण पावलं तिला ओळखू यायची.

"आज शुक्रवार आहे, सुन्निवा. तुझा वार रविवार. वाफेल्स केलेले नाहीत."

"खायला नाही आले."

"मग आजारी आहेस. आणि ही कोण? गावातली नाही. बूट वेगळे वाजतात."

"ही आनफिनची नात," सुन्निवा म्हणाली. "अमेरिकेची."

"धाकट्याची! ये पोरी, बस." हेरबोर्गनं परात बाजूला सारली. "त्याला लिहायला काय झालं होतं, विचारते मी. आईला झुरवून मारलंन्."

"थोरल्याची," सुन्निवा म्हणाली.

आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. या वेळी लवकर संपलं. पासष्ट वर्षांचं, पण सांगायला तीन वाक्यं पुरली.

चेरीवर एक माशी बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिनं अगदी सावकाश विचारलं, "माझ्या लग्नाचं त्याला कळलं?"

"वर्तमानपत्रातून," आर्लीन म्हणाली. "कात्रण बायबलात ठेवलं होतं."

"म्हणजे मरेपर्यंत तो समजत होता की मी धड चार वर्षंसुद्धा कळ काढली नाही." तिचे लाल हात मांडीवर उताणे पडले होते. "मी त्याला चांगलं रडले होते गं, सुन्निवा. रडून, घडी घालून ठेवून दिलं होतं. क्नुत बरा होता, पोरं झाली, सगळं रीतसर. मेलेल्या माणसाशी माझं काही भांडण नव्हतं. आता या वयात तू मला जिवंत माणूस आणून देतेस, आणि तो माझ्यावर रुसून मेलेला."

"हेरबोर्ग, मी..."

"पायरीवर बसून विचारलं होतं मी तुला."

"हो."

"नाही म्हणालीस."

"हो."

"आणि नंतर दर रविवारी इथं येऊन माझे वाफेल्स खाल्लेस. मुरंब्यासकट."

आर्लीन पुढे झाली. "आजी, ते तसे सुखात होते. माझ्या आजीबरोबर त्यांचं..."

"ते मी विचारीन तेव्हा सांग," हेरबोर्ग म्हणाली. तिनं हात एप्रनला पुसले, चाचपत आर्लीनची बाही धरली आणि तिला आपल्या शेजारी ओढून बसवलं. "सुन्निवा, तू खाली जा."

सुन्निवा ओट्याच्या पायऱ्या उतरली. पण खाली गेली नाही. कुंपणाशी दगडी बांध होता, त्यावर टेकली. खालची वाट आज फार लांब दिसत होती.

वरून हेरबोर्गचा आवाज येत होता. आधी कोरडा, एकेक प्रश्न टाकणारा. घोरायचा का? दात होते का शेवटपर्यंत? कॉफी बशीतून प्यायचा की कपातून? घर बांधलं तेव्हा खिडक्या कुठल्या बाजूला काढल्या? आर्लीन त्या जुन्या हेलात उत्तरं देत होती. मग पुन्हा प्रश्न. एकदा हेरबोर्ग हसल्यासारखं वाटलं, पण ते रडणंही असेल. सुन्निवाला ओळखता येईना, आणि उठून बघायचा तिला हक्क नव्हता.

दुपारच्या बोटीचा भोंगा झाला. आर्लीन उठली नाही.

सूर्य डोंगराकडे सरकला तेव्हा हेरबोर्गची सून कप घेऊन कुंपणापर्यंत आली. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. "सासूबाईंनी कॉफी दिलीय," ती म्हणाली. "म्हणाल्या, ही प्या आणि जा."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही."

सुन्निवानं कप दोन्ही हातांनी धरला. कॉफी कडक होती, साखर नव्हती. ती शेवटच्या घोटापर्यंत प्याली. रिकामा कप शेजारी बांधावर ठेवला. वरून पुन्हा प्रश्न ऐकू आला, पुन्हा उत्तर. काठी तिच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिनं ती उचलली, जमिनीवर टेकवली, आणि बसून राहिली.